मुद्दाम चुकलेलं बोट

अमरावतीच्या बसस्टँडवर हार विकणारी एक बाई मांडीवर झेंडूचा अर्धा हार ठेवून मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करत होती. गॅस सिलिंडर कसा नोंदवायचा, ते मोर्शीकडच्या भावजयीला पाठवायचं होतं. भावजयीला वाचता येत नाही, म्हणून ही प्रत्येक टप्प्यावर बोलून सांगत होती, "आता लाल चौकोन दाब. चक्कर फिरून रायली ना? फिरू दे, घाबरू नोको."

मधेच तिनं भलतंच बटन दाबलं. मला राहवलं नाही. "चुकलं, ताई."

तिनं शांतपणे आधीच्या पानावर मागं येऊन दाखवलं, मग रेकॉर्डिंग थांबवलं.

"मुद्दामच चुकली, भाऊ. चुकल्यावर वापस कसं याचं, हे तिले कोन सांगीन?"

तीस वर्षं मी फळ्यावर गणितं सोडवली. एकही कधी मुद्दाम चुकवलं नाही.