पोरगी वाढंल, ठिगळ वाढत नाय

हमीद डॉक्टर गेल्याचा फोन नसरीनभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं केला, आणि मला आधी रडू आलं नाही, राग आला. पुढच्याच आठवड्यात आमच्या जुईचं डोहाळजेवण होतं. "मी येणार आणि पहिल्या पंगतीला बसणार," असं बजावून ठेवलं होतं या माणसानं! असं कुणी जातं का...

आमची ओळख दुष्काळातली. शहर चहूकडं वाढत होतं, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि आमच्या ह्यांचं पाण्याच्या टाक्यांचं दुकान मात्र धो धो चालत होतं. त्यातच चार वर्षांची जुई खेळता खेळता धापा टाकायला लागली. हृदयातली एक झडप जन्मापासूनच नीट मिटत नव्हती. हमीद डॉक्टर लहान मुलांच्या हृदयाचे सर्जन, मूळचे पिशोर गावचे. इतकं शिकले, शहरात राहिले, पण बोलणं गावचंच. त्यांनी समजावलं, तिच्याच हृदयावरच्या पातळ पडद्याचा तुकडा काढायचा, औषधात भिजवायचा आणि झडपेला ठिगळ लावायचं. ह्यांनी दुकानातल्या सवयीनं विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची?" मी टेबलाखालून लाथ मारली. डॉक्टर खो खो हसले. "भाऊ, टाकीला गॅरंटी देता येते, टाकी वाढत नाय ना! पोरगी वाढंल, ठिगळ तेवढंच राहील. कधीतरी ते चुन्यावानी कडक व्हईल. मला फकस्त तिची वाढायची वर्षं काढून द्यायचीत."

ऑपरेशन नीट पार पडलं. मग दरवर्षी तपासणीला गेलं की आधी यंत्र नाही. डॉक्टर आधी जुईचा हात धरून दवाखान्याचा जिना चढायचे, तिला बडबड करायला लावायचे आणि बोलताना दम लागतो का ते ऐकायचे. स्वतःच धापा टाकत वर पोचायचे आणि तिला म्हणायचे, "तू पास, मी नापास." आमचे हे दरवर्षी विचारायचे, "अजून किती टिकेल?" उत्तर ठरलेलं, "यंदा चांगलं हाय. यंदाची मजा करा की." मला ते ऐकून घरी जाऊन गोडाचं करावंसं वाटायचं.

जुई कॉलेजात गेली आणि ठिगळ खरंच कडक झालं. आता नवी झडप बसवायची होती. तोवर डॉक्टरांनी ऑपरेशन करणं थांबवलं होतं, त्यांचा विद्यार्थी करणार होता. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि गरोदरपणात त्या गोळ्यांचा मोठा धोका. जनावराच्या ऊतीची झडप घेतली तर ती कटकट नाही, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते, पुन्हा छाती उघडावी लागते. हे हट्टाला पेटले, "एकदाच काय ते पक्कं करून टाका!" जुई म्हणाली, "बाबा, मला पुढं मूल हवंय." बापासमोर असं बोलली... डॉक्टर तिच्याकडं वळले. "पुन्हा चिरावं लागंल, ऐकलंस ना नीट?" "ऐकलं." "मग झालं. छाती तिची हाय भाऊ, तिला ठरवू द्या."

ऑपरेशनच्या दिवशी ते आमच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसून होते, घरचंच माणूस असल्यागत. नंतर आत जाऊन काढलेलं ठिगळ बाटलीत घेऊन आले. "बघा, केवढी नोकरी केली यानं!" ह्यांनी त्या बाटलीला नमस्कार केला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पुढं उतारवयात डॉक्टरांचीही झडप खराब झाली आणि त्यांनीही जनावराच्या ऊतीचीच बसवून घेतली. जुईला फोन करून म्हणाले, "आता आपण एका जातीचे!"

डोहाळजेवण आम्ही घरातल्या घरात उरकलं आणि काही आठवड्यांनी भाभींना भेटायला गेलो. जुई सारखी पदराशी चाळा करत होती. शेवटी तिनं विचारलंच, "काकी, झडपेनंच दगा दिला का?"

"नाही बेटा. न्यूमोनिया झाला. झडप आखिरपर्यंत ठणठणीत होती. पण म्हाताऱ्या माणसात ती टिकते. तुझ्यात लवकर झिजेल. सांगितलं होतं ना त्यांनी तुला?"

"सांगितलं होतं."

"डर लागतो?"

"लागतो," जुई म्हणाली. मग तिनं भाभींचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. भाभींनी डोळे मिटले, आणि त्या एकदम दचकून हसल्या, "या अल्ला, केवढी लाथ मारतंय!"