तीनशे सीलबंद प्रती

चष्मेवाल्या वहिनी तशा शांत बाई. नवऱ्याच्या दुकानात येऊन कुणी फ्रेम उलटी डोळ्यांवर चढवली, काचेवर बोटं उमटवली, तरी त्या हूं की चूं करायच्या नाहीत. पण दुकानामागच्या खोलीत येऊन कुणी सहज विचारलं, "वहिनी, हे गाणं फुकट कुठे मिळेल हो?" की संपलंच. "केस कापायला पैसे देता ना? चपला शिवायला देता ना? मग गाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" असा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, की समोरचा माणूस चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा डोळे बारीक करून दाराकडे सरकायचा.

त्या मागच्या खोलीतून वहिनी वीस वर्षं गाणी काढत होत्या. एका भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या भिंतीला काचांच्या छोट्या खणांचं कपाट, कपाटावर दोन मोठे स्पीकर. आधी सीडी काढल्या, मग लोक पुन्हा मोठ्या काळ्या रेकॉर्डकडे वळले तेव्हा रेकॉर्ड. वर्षाला एखादी, तीही अशा गाणाऱ्यांची की ज्यांचं नाव गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही. वेबसाइटचं काम धाकटी जाऊ बघायची. ती दिवसभर विमा कंपनीत संगणकासमोर बसायची आणि संध्याकाळी मान दुखत असतानाही वहिनींसाठी पुन्हा बसायची.

दोघींचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. जाऊ म्हणायची, "ताई, लोकांना डाउनलोड हवंय." वहिनी म्हणायच्या, "हवं असेल तर मग पैसे देताना रडतात का?" आणि ते खरंच होतं. तीच गाणी रेकॉर्डवर असली की माणसं हसत पूर्ण किंमत मोजायची, वर "खोका नीट बांधा" अशी चिठ्ठी पाठवायची. डाउनलोडला चौथा हिस्सा किंमत लावली की पत्रं यायची, 'हवेला पैसे?' म्हणून. शेवटी तडजोड झाली. डाउनलोड वेगळं घेतलं तर विकत, आणि रेकॉर्डच्या खोक्यात त्याचा कोड फुकट. "पण खरा रसिक रेकॉर्डच लावणार," वहिनी सांगायच्या. "जे हातात धरता येत नाही, त्याची माणसाला कदर राहत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं, की जाऊ ते ओठांची नुसती हालचाल करून त्यांच्याबरोबर म्हणायची.

या वर्षीची रेकॉर्ड मास्तरांची होती. मास्तर म्हणजे शाळेतले गणिताचे निवृत्त शिक्षक. स्वतः गाणी रचायची, स्वतः म्हणायची, आणि ध्वनिमुद्रण म्हटलं की हात झटकून उठायचं. वहिनी अकरा वर्षं त्यांच्या मागे लागल्या होत्या. शेवटी ते हो म्हणाले आणि एका आठवड्यात दहा गाणी म्हणून मोकळे झाले. त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आता बोलण्यापुरता आवाज राहिला होता. गाणं गेलं ते गेलंच. जे होतं ते या रेकॉर्डवर.

"डाउनलोड-बिउनलोड मला ऐकवू नका," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "माझं गाणं मला फिरताना दिसलं पाहिजे. माझ्याकडे यंत्र नाही. तुम्ही सगळ्यांना बोलवा, मी तुमच्याकडेच पहिल्यांदा ऐकेन." त्यासाठी रविवार ठरला, सकाळी दहाची वेळ. रेकॉर्ड घरोघर पोचून दीड महिना झाला होता आणि कौतुकाची पत्रं अजून येत होती. वहिनींना आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि मंगळवारी सगळं फिसकटलं.

रविवारसाठी त्यांनी नवी सुई आणली होती. ती नीट बसली का बघायला त्यांनी स्वतःची प्रत कपाटातून काढली, वरचं प्लास्टिक नखानं फाडलं आणि दुसरी बाजू लावली. पहिलं गाणं ठीक. दुसरं ठीक. तिसरं लागलं, सामान बांधण्याचं गाणं. घर सोडून निघालेला माणूस एकेक वस्तू खोक्यात ठेवतो, ते मास्तरांचं सगळ्यांत लाडकं. पहिलं कडवं संपलं आणि मास्तरांचा आवाज चिरकला. "थांब, थांब! काय वाजवतोयस?" ते वादकावर ओरडले. मग खोकला. मग हळू आवाजात, "नाही, नाही. मीच चुकलो. पुन्हा घेऊ." आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

वहिनींनी सुई उचलली. ही तालीम होती! ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशीची. दोन्ही फाइलींना नाव एकच, पुढे फक्त आकडा वेगळा. वेबसाइटवर बरोबर गेली होती, कारखान्याला मात्र त्यांनी भलतीच पाठवली होती.

बरं, कारखाना असा आंधळेपणानं रेकॉर्ड छापत नाही. आधी चाचणीची एक प्रत पाठवतो. ती कागद-पेन्सिल घेऊन, एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि मगच सही करायची. वहिनी हे नव्या लोकांना शिकवायच्या! पण त्या दिवशी दुसऱ्या बाजूची दोन गाणी झाली आणि दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काडी निखळली. नवरा बाहेर गेलेला. वहिनी उठल्या, स्क्रू बसवला, परत आल्या आणि म्हणाल्या, तिसरं काय, तोंडपाठच आहे. चौथं-पाचवं घाईघाईत ऐकलं आणि सही ठोकली.

पण खरा धक्का त्यानंतरचा. तीनशे प्रती, दीड महिना, आणि एकाचीही तक्रार नाही? त्यांनी पत्रं पुन्हा उघडली. सर्वांत लांब पत्र ऊबकाकांचं होतं. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. 'रेकॉर्डची ऊब' हा शब्द ते इतक्या वेळा वापरायचे, की हे नाव त्यांना चिकटलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं! दुसऱ्या कडव्याआधी मास्तर दोन श्वास थांबतात, ती शांतता डाउनलोडमध्ये कधीच सापडणार नाही.'

रेकॉर्डवर त्या जागी शांतता नव्हतीच. मास्तर ओरडत होते.

संध्याकाळी जावेनं संगणक उघडून दाखवलं. तीन-चार जण सोडले तर सगळ्यांनी फुकटचा कोड वापरला होता, बहुतेकांनी खोका मिळाला त्याच दिवशी. "ताई, रेकॉर्डचं सील कुणी फोडलंच नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणून ते जास्तच लागलं. मग ती म्हणाली, "रविवारी दुसरी बाजू लागेल तेव्हा अ‍ॅम्पचं बटण फोनकडे फिरवा, म्हणजे स्पीकरवर फोनमधलं गाणं येईल. रेकॉर्ड नुसती फिरू दे. या लोकांना कळणार आहे थोडंच!"

"मास्तरांना फसवू? मी?" वहिनी कडाडल्या.

शनिवारी त्यांनी खरं सांगायला मास्तरांना फोन लावला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तरच बोलले, त्या खरखरीत, उरल्यासुरल्या आवाजात. "वहिनी, शर्टाला इस्त्री करून आणली. रात्री झोप येईल असं वाटत नाही. या वयात हसू येतं माझं मलाच."  उद्या वेळेवर या, एवढंच वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी जावेला सांगितलं, उद्या तुझा फोन घेऊन ये.

रविवारी चाळीस माणसं त्या खोलीत कशीबशी मावली. ऊबकाका पहिल्या रांगेत. मास्तरांनी मात्र आपली खुर्ची स्वतःच उचलून यंत्राला खेटून ठेवली, रेकॉर्ड फिरताना दिसावी म्हणून. 

पहिली बाजू खरीखुरी लागली. मास्तर डोळे न मिटता, फिरणाऱ्या काळ्या थाळीकडे एकटक बघत होते. बाजू संपली, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, आणि त्या गडबडीत वहिनींनी रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली आणि बटण फोनकडे फिरवलं. जाऊ कोपऱ्यात फोन धरून उभी होती. तिनं बोट दाबलं. 

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. तिसरं लागलं.

"आता ऐका," ऊबकाका शेजाऱ्याला कुजबुजले.

पहिलं कडवं सुंदर झालं. स्पीकरमधून मास्तरांचा तो गेलेला आवाज भरभरून येत होता. दुसऱ्या कडव्याआधी ते थांबले, ती दोन श्वासांची शांतता आली, चाळीस माणसांनी श्वास रोखला. आणि त्या शांततेत डास गुणगुणावा तसा एक बारीक आवाज आला. सुईचा. स्पीकर नसला तरी सुई स्वतः कुजबुजतेच, फक्त कान जवळ लागतो. वीस वर्षं या धंद्यात असून हे वहिनींच्या लक्षात आलं नव्हतं.

मास्तरांनी मान तिरपी केली. दुसरं कडवं सुरू झालं होतं, लोक डोलत होते, आणि मास्तर हळूहळू खाली वाकत होते. त्यांचा कान सुईपासून वीतभर अंतरावर आला. वहिनींना वाटलं, आत्ता दिवे जावेत, छत पडावं, काहीही व्हावं.

मास्तरांनी हात वर केला. "स्पीकर बंद करा."

जावेनं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली. गाणं तुटलं. रेकॉर्ड फिरतच राहिली आणि त्या गप्प खोलीत तो बारीक आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला. मास्तर म्हणत होते, नाही, नाही, मीच चुकलो, पुन्हा घेऊ.

"हे काय आहे?" ऊबकाकांनी विचारलं.

"चूक आहे. माझी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. फाइल, चष्म्याची काडी, सही, बटण. कुणाकडेही न बघता सांगितलं.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खोलीकडे वळले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "ही रेकॉर्ड कितींकडे आहे?"

जवळजवळ सगळे हात वर गेले.

"आणि लावली कितींनी?"

हात खाली आले. ऊबकाकांचा अर्ध्यावर राहिला. "मास्तर, माझी पहिल्या शंभरातली आहे, आकडा घातलेली. सील फोडलं की तिची किंमत…"  त्यांचे कान लाल झाले.

अगदी मागे, काचांच्या कपाटापाशी, एक हात वर होता. शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सुई टोचू नये म्हणून बोटाला गुंडाळलेली चिंधी अजून तशीच. "मी लावते," त्या म्हणाल्या. "माझा फोन जुना आहे, त्यात ते कोडचं काही चालत नाही. दुपारी मशीन थांबवलं की लावते."

"मग कळवलं का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय." बाई चाचरल्या. "आधी वाजवणाऱ्यावर ओरडता, मग मीच चुकलो म्हणता. त्यानंतर जे गाता ना… मला तेच आवडतं." मग एकदम घाबरून त्यांनी वहिनींना विचारलं, "बदलून देणार आहात का हो? मला नको बदलून."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.  मास्तर वहिनींकडे वळले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"रेकॉर्ड येऊन किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"मग दीड महिना तुम्ही काय ऐकत होतात, वहिनी?"

वहिनींनी चाळीस माणसांवरून नजर फिरवली. यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यांनी फैलावर घेतलं होतं. आत्ता एकही जण त्यांच्याकडे बघत नव्हता. 

"फोनवर," त्या म्हणाल्या. "काम करता करता."

मास्तरांनी मान डोलावली. सुई उचलून जागेवर ठेवली, रेकॉर्ड थांबेपर्यंत वाट बघितली, मग ती दोन्ही हातांनी धरून पाकिटात सरकवली. ती त्यांनी वहिनींच्या हातात दिली. गर्दीतून वाट काढत ते मागे कपाटापाशी गेले.

"बाई, तुमचं दुकान कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे यंत्र नाही. दुपारी तुम्ही मशीन थांबवता तेव्हा आलो तर चालेल का?"

"या की," बाई म्हणाल्या. "कधीही या."

वहिनी रेकॉर्ड छातीशी धरून उभ्या होत्या. मास्तर त्यांच्यासमोरूनच दाराकडे गेले आणि त्यांनी बाजूला सरून वाट करून दिली.