माझ्या बाळंतपणाची रंगीत तालीम

माझ्या पहिल्या बाळंतपणाची आमच्या चाळीत रीतसर रंगीत तालीम झाली होती.

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, कळा सुरू झाल्या हे तुला कसं कळलं होतं गं?" तेव्हा मी "कळतं आपोआप" असं म्हणून हवापाण्याकडे वळले. मला काहीही कळलं नव्हतं. तू आता दिवसांत आली आहेस आणि इतकी लांब आहेस, म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते. तुझ्या भावाला, निखिललाही वाचायला दे. तुमचे बाबा या जगात कसे आले, हे दोघांनाही माहीत असायला हवं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. माझं सासर माटुंग्याला आणि माहेर गिरगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी सातव्या महिन्यात आईकडे आले होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. कुठलीही गोष्ट पुस्तकातून शिकता येते, अशी माझी ठाम समजूत. एका डॉक्टरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवून मी बाळंतपणाची लक्षणं कवितेसारखी पाठ केली होती. खोट्या कळा चाललं की थांबतात, खऱ्या थांबत नाहीत. खऱ्या कळेला पोट दगडासारखं घट्ट होतं, मग सैल पडतं, आणि मधली उसंत कमी कमी होत जाते. पाणमोट फुटली किंवा अंगावर रक्त गेलं, तर कळांची वाट न बघता निघायचं. (हे सगळं आजही खरं आहे. पुस्तकाचा काही दोष नव्हता.)

पाठांतर पक्कं असूनही मी भीतीने अर्धी झाले होते. त्याचं कारण माझी थोरली बहीण, तुमची कुसुमआजी. तिचं सासर लालबागला. तिच्या पहिल्या वेळी दिवसभर तिची कंबर दुखत होती. घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं की फणसाची भाजी बाधली. ती बिचारी ओवा चावत बसली आणि दवाखान्यात पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. बाळ राहिलं नाही. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण त्यानंतर फणसही कोणी आणला नाही. आता माझ्या पोटात नुसतं गुरगुरलं तरी माझे हात गार पडत. मी शिंकले तरी आई पायांत चपला सरकवायची.

त्यात शहराचा भरवसा नव्हता. केव्हा हरताळ पडेल, केव्हा ट्राम बंद होईल, कोपऱ्यावर केव्हा अश्रुधूर सुटेल, सांगता येत नसे. ही काळजी आईने तळमजल्यावरच्या अण्णांना बोलून दाखवली आणि तिथेच माझं बाळंतपण आमच्या हातून गेलं. अण्णा म्हणजे चाळीच्या गणपतीतल्या नाटकांचे कायमचे दिग्दर्शक. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सुमन, हरताळ असला तर टॅक्सी कुठून आणणार?"

"चालत जाईन, अण्णा. सूतिकागृह दोन गल्ल्या तर पलीकडे."

"या अवस्थेत? मोर्च्यातून? वेडी की काय तू? आपली पालखी आहे की."

पालखी म्हणजे ऐतिहासिक नाटकातली. बांबू, पुठ्ठा आणि वर सोनेरी कागद. तिच्यात महाराणी बसून यायच्या. (महाराणी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा वामन. त्याचं वजन माझ्या एका पायाइतकं असेल.)

"अण्णा, मला पेलेल का ती?"

"खालून फळी मारतो. चार भोई तयारच आहेत, त्यांना पाठ आहे. पण एक सांगतो, तालमीशिवाय माझ्या हाताखाली काहीही होत नाही."

मला ही कल्पना आवडली, हे कबूल केलंच पाहिजे. सगळं आधी ठरवून, एकदा करून बघायचं, म्हणजे कुसुमताईसारखं होणार नाही. भीतीवर मला तोच एक उपाय दिसत होता.

रविवारची दुपार ठरली. माटुंग्याहून तुमचे आजोबा आले, लालबागहून कुसुमताई आली. सगळी चाळ गॅलरीत जागा धरून उभी राहिली. कोणीतरी शेंगदाणेसुद्धा आणले होते. अण्णांनी पात्रं वाटली.

"जावईबापू, तुम्ही डॉक्टर. अंगणाच्या त्या टोकाला उभे राहा. पालखी आली की म्हणायचं, 'आत घ्या.'"

"एवढंच?" आजोबांनी विचारलं. चारचौघांत त्यांना धड नावही सांगता येत नसे.

"एवढंच. पण अधिकाराने."

आजोबा कोपऱ्यात जाऊन हलक्या आवाजात "आत घ्या, आत घ्या" असं घोकू लागले.

मला ओट्यावर खुर्चीत बसवलं. अण्णांनी टाळी वाजवली. "हां, सुमन. पहिली कळ."

मी "आई गं" म्हणाले. गॅलरीत हशा पिकला.

"हे म्हणजे ठेच लागल्यासारखं झालं," अण्णा म्हणाले. "जरा आतून येऊ दे. पुन्हा."

दुसऱ्यांदा मी डोळे मिटून पुस्तकातलं वर्णन आठवलं आणि काय सांगू, कमरेतून खरोखरच काहीतरी सरकत पोटाकडे आलं. मी कण्हले. आपल्याला इतका अभिनय येतो, याचं मला फार नवल वाटलं.

"बरं आहे," अण्णा म्हणाले, "पण हात पोटावर ठेव. कमरेवर कशाला? बघणाऱ्याला वाटेल, बाईला उसण भरली."

"अण्णा, दुखतंय ते कमरेतच."

"तुला कुठे दुखतंय ते महत्त्वाचं नाही. लोकांना कुठे दिसतंय ते महत्त्वाचं. आणि आवाज मोठा. मागच्या रांगेला ऐकू येत नाही."

तिसऱ्या वेळी मी अण्णांची टाळी व्हायच्या आधीच कण्हले. "घाई करू नकोस," अण्णा ओरडले. मी उठून चार पावलं चालून बघितलं. दुखणं थांबलं नाही. पोटाला हात लावला, तर पोट दगड. पाठ केलेलं एकेक लक्षण शहाण्या विद्यार्थ्यासारखं हजेरी देत होतं आणि मी, बी.ए., मनात म्हणत होते की काय तादात्म्य आहे बाई आपलं.

तेवढ्यात कुसुमताई गर्दीतून पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अण्णा, थांबवा. ती नाटक करत नाहीये."

"अगं, उलट आता कुठे रंग भरतोय."

"तिचा हात बघा कुठे आहे. माझाही दिवसभर तिथेच होता."

ताईने माझा हात धरला. त्या क्षणी माझ्या साडीवर, पायांवर कोमट पाणी आलं आणि माझ्यातली नटी जी पळाली, ती कायमची. मी मोठ्याने रडायला लागले. "ताई, उशीर झाला का गं?"

"नाही झाला. मी होऊ देणार नाही. भोई कुठे मेले?"

पालखी उचलली. फळी मारायची राहूनच गेली होती. आम्ही गल्लीतून रस्त्यावर आलो, तर समोरून मोर्चा. झेंडे, घोषणा, माणसांचा नुसता पूर. सोनेरी पालखीत केस विस्कटलेली, टाहो फोडणारी बाई बघून लोकांना वाटलं, हा चळवळीचा चित्ररथ आणि मी दुःखी महाराष्ट्रमाता.

"वाट द्या, मातेला वाट द्या," म्हणत त्यांनी आम्हाला मधोमध घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चप्पल काढून मला नमस्कार केला. मी कळवळून ओरडले, तेव्हा मागून टाळ्या पडल्या.

"अहो, काहीतरी सांगा ना त्यांना," ताई आजोबांवर ओरडली.

आजोबांना घाम फुटला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि जे पाठ होतं तेच बाहेर पडलं. "आत घ्या!"

लोकांनी आम्हाला मोर्च्याच्या आणखी आत घेतलं. पुढे नाक्यावर लाठ्या घेतलेले पोलीस. पालखीच्या तळाशी करकर असा आवाज. आता बाळ या पुठ्ठ्यात तरी होणार किंवा लाठ्यांत तरी, अशी माझी खात्री पटली. तेव्हा आमची ताई, जी सासरी कधी वर मान करून बोलली नव्हती, ती पालखीपुढे आडवी उभी राहिली. "ही माता-बिता कोणी नाही. ही माझी बहीण आहे आणि तिचं पोर येतंय. मागे एक गेलंय आमचं. हे जाऊ देणार नाही. सरका!"

माणसं सरकली. पोलीसही सरकले. मघाचे म्हातारे गृहस्थ अनवाणीच पुढे धावत वाट करत गेले. सूतिकागृहाच्या पायरीशी पालखीचा तळ सुटला आणि माझे पाय आपोआप जमिनीला लागले. दारात नर्स उभी होती. आजोबा तिला म्हणाले, "आत घ्या." पण इतक्या बारीक आवाजात, की तिने दोनदा विचारलं.

दिवेलागणीला तुमचे बाबा झाले. रडण्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत सहज पोचला असता. त्यांना पहिल्यांदा मांडीवर ताईने घेतलं आणि बराच वेळ कोणाकडे दिलं नाही.

तेव्हा इरा, कंबर दुखली तरी सांग, शंका आली तरी सांग. आपण उगीच घाबरतोय का, याचा विचार दवाखान्यात पोचल्यावर करावा.

पुढच्या गणपतीत अण्णांनी मोठ्या विश्वासाने मला आजारी राणीची भूमिका दिली. दोनदा कण्हायचं होतं, बस. मी जीव ओतून कण्हले. गॅलरीतून कुसुमताईचा आवाज आला, "खोटं वाटतंय गं, सुमे." आणि सबंध चाळीने तिला दुजोरा दिला.