आत कोण होतं?

आकाशातून विमान गेलं की आमच्या मॅडम बोलता बोलता थांबायच्या, वाक्य अर्धं असलं तरी. एक बोट वर करून समोरच्याला गप्प करायच्या, आवाज पार विरेपर्यंत ऐकायच्या आणि मग जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायच्या. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याची सवय आधी विचित्र वाटते आणि पुढे तीच नसली की चुकल्यासारखं होतं.

नागोठण्याजवळच्या एका कंपनीत आम्ही एकाच कंट्रोल रूममध्ये होतो. त्या शिफ्ट इन्चार्ज, मी ऑपरेटर. त्या पेणहून यायच्या, मी रोह्याहून. कामात कडक. एखादा पंप बंद पडला तर काय बिघडलं हे विचारण्याआधी "तिथे कोण उभं होतं?" असं विचारायच्या. माणूस ठीक आहे कळलं की मग पंपाकडे वळायच्या.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर कंपनीने त्यांना एका ट्रेनिंगसाठी दक्षिणेत पाठवलं. शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता. बाकीचे साड्या घ्यायला गेले, या एका विमान संग्रहालयात गेल्या. तिथे एक जुनं लढाऊ विमान ठेवलं होतं. शेजारच्या पाटीवर इंजिनाची ताकद, वेग, वजन, पंखांची लांबी, सगळं होतं. मॅडमनी रखवालदाराला विचारलं, "याच्या आत कोण होतं?"

"पायलट असेल ना, मॅडम," तो म्हणाला.

"कोण पायलट?"

त्याला माहीत नव्हतं. आतल्या ऑफिसातही कुणाला माहीत नव्हतं. परत आल्यावर मॅडमनी हे मला चहा पिताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात. सहा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

कंपनीत कुणाचा विश्वास बसेना. शिफ्ट इन्चार्ज बाई नोकरी सोडून जुन्या विमानांचा इतिहास शिकायला जाते, हे सांगायचं तरी कसं? त्यांचे यजमान पेणच्या एका शाळेत मास्तर. मी त्यांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मी व्हय म्हणून टाकलं. नाय म्हटलं असतं तरी गेलीच असती, मग निदान मान तरी राहू दे." सासूबाईंनी आळीत सांगितलं की सून आता विमानाच्या कामाला लागली. त्यावर शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, "या वयात हवाईसुंदरी घेतात काय गो?" हा किस्सा मॅडम स्वतःच सांगायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

त्या शिकल्या, वर्गातल्या मुलांच्या दुप्पट वयाच्या असताना. मग त्याच संग्रहालयात कंत्राटावर लागल्या. काम एकच: तिथल्या प्रत्येक विमानाच्या आत कोण होतं ते शोधायचं.

पुढचं मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

माझ्या बायकोचं माहेर जिते गावाच्या पलीकडे, खाडीकाठच्या मिठागरांच्या गावात. थंडीत तिथे पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा भरायच्या, भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. मॅडम सुट्टीवर पेणला आल्या होत्या, म्हणून मी त्यांना आणि मास्तरांना बोलावलं. संध्याकाळचा वारा होता. जाळ विझू नये म्हणून मेव्हण्याने एक पत्रा आडवा लावला. मॅडम पुढच्या मडक्यासाठी शेंगा निवडत होत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"हा पत्रा कुठला?"

"हाय जुना," मेव्हणा म्हणाला. "आमच्या आज्याच्या वेळेपासून हाय. मिठावरच असतो."

"मिठावर असून गंजला नाही?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्या पत्र्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं त्याच्याआड बसून शेंगा खाल्ल्या होत्या. पातळ, हलका, किंचित बाक असलेला, आणि कडेने बारीक रिव्हेटची सरळ रांग. मॅडमनी त्या रांगेवरून बोट फिरवलं. "हे विमान आहे," त्या म्हणाल्या. मग सवयीने पुढचा प्रश्न विचारला, तो आमच्यापैकी कुणालाच नव्हता. त्या जणू पत्र्यालाच विचारत होत्या. उत्तर मात्र ओटीवरून आलं.

बायकोच्या माहेरची सगळ्यात म्हातारी आजी तिथे गोधडी पांघरून बसली होती. नव्वदी कधीच पार केलेली, डोळ्यांनी अधू, कानांनी खणखणीत. ती म्हणाली, "आत पोरगा व्हता."

आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. घरच्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"मोठी लढाई चालू व्हती तवा. मी बारकी व्हते. आम्ही मिठाव व्हतो. इमान आयलं ते आवाज न करता आयलं, बगल्यासारखं. आनि चिखलान बसलं."

"तो जागीच गेला?" मॅडमनी विचारलं.

"नाय गो. माज्या बापान त्याला वढून काढला, बांधाव बसवला. पानी पिला. दुपारभर व्हता. मग होडीन घालून पेनला नेत व्हते, तर वाटेतच गेला."

मॅडमनी आजीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मडक्यातल्या शेंगा त्या दिवशी करपल्या.

विमान जिथे बसलं ती जागा गावाला माहीत होती, पण विमानाची म्हणून नव्हे. तिथे जाळी फाटायची म्हणून कुणी जाळं टाकत नसे, एवढंच. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मेव्हण्याने होडी काढली. मॅडम, मास्तर आणि मी. पाणी उतरत गेलं, चिखल उघडा पडत गेला, आणि एका ठिकाणी पाण्यातून काळं काहीतरी वर यायला लागलं. आधी एक टोक, मग दुसरं, मग गोल फिरून सगळी. एका मोठ्या इंजिनाची नळकांडी होती ती, फुलाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळात मांडलेली, कालवांनी मढलेली. मी आयुष्य यंत्रांत काढलंय, पण यंत्र बघून अंगावर काटा आला तो त्या दिवशी. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

मॅडम गुडघाभर चिखलात उतरल्या. सरकारी परवानगीशिवाय काही हलवायचं नव्हतं. त्यांनी फक्त एका बाजूचा चिखल हाताने पुसला, खाली कोरलेला नंबर होता, त्याचा फोटो घेतला. मग भरती लागली आणि पाण्याने ते सगळं एकेक पाकळी करून परत झाकलं.

नंबरावरून वैमानिकाचं नाव सापडायला पावसाळा उजाडला. केरळातला मुलगा, विशीतला. घरच्यांना तेव्हा कळवलं होतं ते एवढंच, की विमान खाडीत कोसळलं आणि तो जागीच गेला. त्याची धाकटी बहीण अजून होती. आमच्या आजीच्या आसपासचीच.

इथे मॅडम अडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अडलेलं पाहिलं नव्हतं. पेणच्या त्यांच्या घरी आम्ही बसलो होतो. त्या म्हणाल्या, "जागीच गेला, या शब्दांना धरून ती बाई जगलीय. त्याला त्रास झाला नाही, असं तिने स्वतःला सांगितलं असेल. आता मी जाऊन सांगू की तो दुपारभर होता? तिचा आधार काढून घ्यायचा मला काय अधिकार?"

"मग नका सांगू," मी म्हटलं. मला तेच बरोबर वाटत होतं.

"नाही सांगितलं, तर मी कसला इतिहास शिकले?"

चार दिवस मॅडम नीट जेवल्या नाहीत, हे मास्तरांनी मला नंतर सांगितलं. शेवटी त्या आजीकडेच गेल्या. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू कशाला ठरवतेस? तिला इचार. आयकायचं का नाय ते तीच सांगल."

मॅडमनी बहिणीच्या नातीला फोन केला आणि एवढंच सांगितलं, की त्या दिवशी तिथे असलेलं एक माणूस हयात आहे. दुसऱ्या दिवशी निरोप आला. त्या बाईंना दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं. जिने पाहिलं तिनेच सांगावं.

मेव्हण्याच्या अंगणात खुर्चीवर आजी, तिच्यासमोर मॅडमनी धरलेला फोन. पलीकडे पांढरी साडी नेसलेली एक बारीकशी म्हातारी. ती मल्याळममध्ये बोलायची, नात हिंदीत सांगायची, मॅडम मराठीत. आमचं अख्खं घर कुडाला टेकून उभं होतं.

त्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. तो घाबरला होता का?

मॅडमनी प्रश्न मराठीत सांगितला. आजीने मान हलवली.

"तो नाय भ्याला. मीच भ्याले व्हते. त्याच्या डोक्याव ती चामड्याची टोपी, डोल्यांना काचा. मना वाटला भूतच हाय. मी रडाया लागले. तर त्यान टोपी काढली नि माज्या डोक्याव घातली. मना काय दिसंना. तो हसला. मग मी पन हसले."

मॅडमनी हिंदीत सांगितलं. नातीने मल्याळममध्ये सांगितलं. ती शेवटच्या वाक्यापर्यंत पोचली आणि पलीकडच्या बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. त्या रडत होत्या की हसत होत्या, लहानशा पडद्यावर कळेना. मग त्यांनी काहीतरी हळू विचारलं. नातीला ते सांगायला जरा वेळ लागला.

"दादी पूछ रही हैं, आपने खाना खाया?"

"सांग तिला," आजी म्हणाली, "मी जेवले. तू पन जेव आता."

मॅडमनी फोन ठेवला, माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारख्या रडल्या. कंपनीत पंप फुटला तरी ज्या बाईंचा चेहरा हलत नसे, त्या. मी बाजूला उभा होतो आणि मला कळत होतं की या बाईंनी नोकरी का सोडली हे मला आत्ता कुठे समजलंय.

आजी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. पत्रा मेव्हण्याने स्वतः पुसून संग्रहालयाला दिला. तिथल्या पाटीवर वैमानिकाच्या नावाखाली आजीच्या वडिलांचं नाव आहे, आणि तिचंही. मॅडम आता पेणला फार कमी असतात. कुठे जंगलात, कुठे डोंगरात, कुठे किनाऱ्यावर. मास्तर निवृत्त झाले आणि बहुतेक वेळा सोबत जातात. घराला कुलूप असतं.

मागच्या हिवाळ्यात त्या मला शेवटच्या भेटल्या, रोहा स्टेशनवर. दोघांनाही तळकोकणाकडे जाणारी एकच गाडी पकडायची होती. मला एका लग्नाला जायचं होतं, त्यांना कुठल्याशा बंदरावर, कुणाच्या जाळ्यात काहीतरी आलं होतं म्हणून. गाडीला वेळ होता. मी पाणी घ्यायला गेलो तोवर त्या बाकावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायला लागल्या होत्या.

गाडी आली. मी चढलो, खिडकीशी जागा धरली, त्यांच्यासाठी शेजारी पिशवी ठेवली. गाडी हलली तरी त्या येईनात. मी वाकून बाहेर बघितलं. त्या बाकावरच होत्या, गाडीकडे पाठ करून, मान त्या म्हाताऱ्याकडे झुकवून. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही.

म्हाताऱ्याचा हात वर हवेत होता. पंजा सपाट, बोटं जुळलेली. आणि तो हात बगळ्यासारखा फार हळू, एका बाजूला थोडा कलत, खाली येत होता.

माझा डबा पुढे निघून गेला, तेव्हा तो हात अजून जमिनीला टेकला नव्हता.