घड्याळबाईंची पंधरा मिनिटं

आरोग्य केंद्रात रक्त तपासणाऱ्या बाईंना सगळे घड्याळबाई म्हणायचे, तेही तोंडावर. सूक्ष्मदर्शक बंद पडून तीन वर्षं झाली होती, त्यामुळे मलेरियाची सगळी भिस्त पट्टीवर. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, वरून औषध, की पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली म्हणजे पट्टी ठीक, दुसरी उमटली तर मलेरिया. ही दुसरी मोठी आळशी, कधीकधी चौदाव्या मिनिटाला उगवते. म्हणून बाई गजर लावायच्या आणि तो होईपर्यंत कुणाला पट्टीकडे फिरकू द्यायच्या नाहीत. एकदा डॉक्टर डोकावले, तर त्यांनाही दटावलं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. धाकटी बहीण तापलेल्या लेकीला घेऊन आली होती. जेमतेम पाच मिनिटं झाली आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"ताई, शेवटची बस आहे गं! बघ ना पटकन!"

बहिणीचा जीव वरखाली होत होता. बाईंना राहवलं नाही. एकच रेघ होती.

"काही नाही, साधा ताप आहे. जा," म्हणत त्यांनीच भाचीला उचलून बसमध्ये बसवलं.

परत येऊन त्या पुढच्या माणसाचं बोट पुसत होत्या, तेवढ्यात गजर झाला. सवयीने नजर गेली. भाचीच्या पट्टीवर दुसरी रेघ होती, फिकट, पण होती.

बहिणीचा फोन काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या गोळ्या घेऊन धावल्या, तोवर पोरीची शुद्ध हरपली होती. संध्याकाळी ती गेली. बाईंनी बहिणीला सगळं खरं सांगितलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती उठून आत गेली.

वर्षभर दोघींचं बोलणं बंद होतं. परवा बहीण धाकट्या लेकीला घेऊन आली. पोरीचं अंग तापलं होतं. बाईंनी बोट टोचलं, गजर लावला. बाहेर हॉर्न वाजला. बहीण जागची हलली नाही. बस निघून गेली.

"शेवटची होती," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. तेव्हा मी घाई केली नसती, तर..."

"घाई तुझी होती गं, पण घड्याळ माझं होतं."

गजर झाला. एकच रेघ होती.

"अजून थोडं बसू या, ताई," बहीण म्हणाली.