तीन अडॅप्टर आणि एक म्हैस

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडीचे तीन अडॅप्टर आहेत आणि तिन्ही उत्तम चालतात. हे कळायला मला जांबोटीत चार दिवस लागले.

मी निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गाडी घेतली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना समजावून सांगितलं की, गाडीच्या चार्जरचा प्लग जाड तीन पिनांचा असतो, जुन्या घरांत तो बसत नाही, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. तो निवडायला मी पंधरा दिवस घेतले. (लग्नाला मुलगी बघून होकार द्यायला अर्धा तास घेतला होता. बायको हे अजून काढते.)

दर भाऊबिजेला आईला जांबोटीला मामांकडे न्यायचं माझ्याकडे असतं. खरं तर भावानं बहिणीच्या घरी यायचं, पण मामांची कंबर गेली आणि ते खाटेला खिळले, तेव्हापासून आईच ओवाळायला जाते. मामा वीज खात्यात लाइनमन होते. उभ्या पावसात खांबावर चढणारा माणूस, आता कूस बदलायलासुद्धा मामींची वाट बघतो. आईला ते बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. दरवर्षी निघायच्या वेळी ती मला हळूच विचारते, "ऱ्हाऊया का रं आजची रात?" आणि दरवर्षी मी घड्याळ दाखवतो. मला माझ्या अंथरुणाशिवाय झोप येत नाही. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

त्या वर्षी गाडी नवी होती. बेळगावात चार्जिंगला रांग दिसली, तेव्हा आई म्हणाली, "लाव की हितं." मी म्हणालो, "डिकीत अडॅप्टर आहे, जांबोटीत काय सॉकेट नाहीत?" कागदावर गाडी दोनशे किलोमीटर जाते. त्या कागदावर एसी नसतो, चढ नसतो आणि आईनं भावासाठी घेतलेले फराळाचे पाच डबे नसतात. मामांच्या अंगणात पोचलो तेव्हा अकरा टक्के उरले होते.

आईनं ओवाळलं. मी सोप्यातल्या सॉकेटला अडॅप्टर लावला. चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडीनं काही घेतलं नाही. खाटेवरून मामांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काय म्हनतंय रं?"

"अडॅप्टर खराब निघाला, मामा."

"व्हय का," मामा म्हणाले आणि छताकडे बघत बसले. मामा जुन्या काळचे लाइनमन, त्यांना या नव्या चार्जरचं काय कळणार, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस चुकली. दुपारच्या बसनं बेळगावला गेलो आणि जाड पितळी पिनांचा अडॅप्टर घेऊन दिवेलागणीला परतलो. लाल दिवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "सर, घरात अर्थिंग हाय न्हवं? न्हाईतर कुठला बी लावा, लालच लागणार."

मी त्याला शांतपणे सांगितलं की, मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवतोय.

"मग प्रश्नच न्हाय, सर," तो म्हणाला आणि दुकानातला सगळ्यांत महाग अडॅप्टर काढून त्यानं माझ्यापुढे ठेवला.

तिसरा अडॅप्टर लावला. लाल दिवा. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या वो, लागंल उद्या." जणू गाडीलाच ताप आला होता.

या तीन दिवसांत आई काय करत होती, ते मी बसमध्ये असल्यामुळे मला फारसं दिसलं नाही. जे दिसलं ते एवढंच: ती मामांची नखं काढत होती. त्यांच्या कमरेला तेल चोळत होती. लहानपणी शेजारच्यांचा फणस कुणी पाडला, यावरून दोघं एकसारखी भांडत होती. मामा म्हणत, "आक्का, तू पाडलास." आई म्हणे, "झाडावर चढलतास तू, मी खाली हुबी." पासष्ट वर्षांपूर्वीचा फणस. मामींनी मला सांगितलं की खाटेला खिळल्यापासून मामा पहिल्यांदाच पोटभर जेवतायत.

चौथ्या दिवशी मी पिशवी घेऊन परत बसला निघालो, तेव्हा मामांनी हाक मारली.

"मास्तर, गोठ्यामागं जा. पेरूच्या बुडाला लोखंडी सळी हाय. तिची तार निखळलीया बघ. आवळून बसीव."

गेलो. तार गवतात पडली होती. पक्कडीनं आवळली, पाच मिनिटं लागली. घरात येऊन पहिलाच, पंधरा दिवस पारखून घेतलेला अडॅप्टर लावला. हिरवा दिवा लागला. अर्थिंगचा धडा मी दहावीला दरवर्षी शिकवतो. त्यावर हमखास प्रश्न येतो, हेही मीच सांगतो.

"मामा, तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"म्हशीनं शिंगानं तार तोडली तवापासनं. श्रावणात."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की."

"तू इचारलास कुठं?" मामा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् सांगितलं असतं तर आक्का त्याच सांजंला गेली असती."

आई परातीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिला हे ठाऊक होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. मला मात्र लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या दोघांना घड्याळ दाखवत होतो, आणि माझ्यापेक्षा त्या म्हशीला जास्त कळलं होतं.

यंदाच्या भाऊबिजेला पुन्हा गेलो. मामा आता फारच खंगलेत, आवाजही खोल गेलाय. मी चार्जर लावला आणि झटक्यात हिरवा दिवा लागला. त्या दिव्याकडे मी जरा वेळ बघत उभा राहिलो. मग अडॅप्टर काढून खिशात टाकला आणि खाटेजवळ जाऊन बसलो.

"मामा, लाल लागतोय."

मामांनी माझ्या खिशाकडे बघितलं. "तिन्ही लावून बघितलास?"

"तिन्ही."

"मग लई दिस लागतील," मामा म्हणाले आणि मामींना भात वाढवायला सांगितलं.

प्रयोगाचं खोटं उत्तर लिहिलं म्हणून मी कितीतरी मुलांना बाकावर उभं केलंय. मामांनी मला पैकीच्या पैकी दिले आणि वर झोपायला कडक सतरंजी दिली.