सामन्याआधीच्या प्रार्थना

देवाला सगळ्या भाषा कळतात, ही गोष्ट आमच्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांना तत्त्वतः मान्य होती. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यापैकी एकाचाही तिच्यावर विश्वास नव्हता. नाहीतर फुटबॉलच्या एका सामन्याआधी चार प्रार्थना कशाला लागल्या असत्या?

हे मंडळ गोंदियातल्या ख्रिस्ती तरुणांचं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी त्याचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी हा शब्द ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे कंदिलाच्या काचा पुसायच्या, कॅरमची हरवलेली सोंगटी शोधायची, फुटबॉलच्या ब्लॅडरला सायकलवाल्याकडून ठिगळ मारून आणायचं. संध्याकाळी इंग्रजीचा आणि हिशेबाचा वर्ग, बुधवारी बायबलचा वर्ग, शनिवारी खेळ आणि रविवारी सभा. दिवसा मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो, म्हणजे तिथेही पोरं आणि इथेही पोरं. पण पोरांनी मला कधी छळलं नाही. छळलं ते कमिटीने.

गोंदिया पडलं जंक्शन. रेल्वेने जिथून जिथून माणसं आणून टाकली, तिथली तिथली भाषा आमच्या छोट्याशा प्रार्थना-हॉलमध्ये येऊन बसली होती. कमिटीत चार वडीलधारे. एक तेलुगू ड्रायव्हर, पेन्शनीत निघालेले, पण आवाज अजून इंजिनावरचाच. दुसरे तमिळ पार्सलबाबू, बारीक, स्वच्छ, कधीही घाईत नसलेले. तिसरे छत्तीसगडकडचे, हिंदी बोलणारे धर्मप्रचारक. आणि चौथे माझे वडील, नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलेले. मराठीची बाजू त्यांच्याकडे. सभा असो, सामना असो की नुसता सहलीचा डबा उघडायचा असो, चौघांनी आपापल्या भाषेत प्रार्थना केल्याशिवाय पान हलायचं नाही. त्यातही शेवटची प्रार्थना मानाची समजली जायची. ती कुणी करायची यावरून ड्रायव्हरकाका आणि पार्सलबाबू यांच्यात कायम धुसफूस. एकाने शेजारच्या आजाऱ्यांसाठी मागितलं की दुसरा साऱ्या जिल्ह्यातल्या आजाऱ्यांसाठी मागायचा. एकाने राजाला आशीर्वाद दिला की दुसरा राजाच्या सगळ्या खानदानाला द्यायचा.

मी दोन वर्षं डोकं आपटलं. म्हटलं, एकानेच प्रार्थना करावी, बाकीच्यांनी आमेन म्हणावं. चौघांनाही कल्पना फार आवडली. फक्त तो एक कोण, यावर बैठक मोडली. ती बैठकसुद्धा चार प्रार्थनांनी सुरू झाली होती आणि मोडल्यावर चार प्रार्थनांनीच संपली. पाद्रीसाहेबांकडे गाऱ्हाणं न्यावं, तर थंडीचे चार महिने ते तंबू घेऊन देवरीच्या जंगलातल्या गावांमधून हिंडत. उन्हाळ्यात भेटले की म्हणायचे, "प्रेमाने घ्या." मी प्रेमाने घेत होतो आणि तिकडे पोरं ताटकळून बॉलवर बसायची.

आता ज्याच्यासाठी हे सांगतो आहे तो. आमचा गोलकीपर माझा मित्र होता. उंच, लांब हातांचा, बॉल त्याच्या छातीशी चिकटल्यासारखा राहायचा. त्याचे वडील तो लहान असतानाच जंगलात वारले, आणि आई त्याला घेऊन देवरीकडून इथे आली. गोंड बाई. दवाखान्यात पट्ट्या आणि चादरी धुवायचं काम करायची. तिची भाषा गोंडी. आमच्या हॉलमध्ये ती बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं, मुलगा सोडला तर. चार भाषांतलं थोडं थोडं तिला कळत असेल, पण बोलताना तिची जीभ अडायची आणि लोक हसायचे, म्हणून ती बोलायचीच नाही. दर रविवारी दाराशी बसायची आणि दर रविवारी उठून जायची. मित्र मालधक्क्यावर ओझी उचलायचा. काम रोज मिळेलच असं नव्हतं. रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये कायमचं चिकटावं, एवढीच त्याची इच्छा. आईचे हात सोड्याने सोलून निघाले होते आणि तिला त्या कामातून काढायचं होतं.

त्या वर्षी नाताळानंतरच्या आठवड्यात रेल्वेच्या टीमशी आमचा सामना ठरला. त्यांच्या कॅप्टनने मला बाजूला घेऊन सांगितलं की शेडच्या तपासणीला नागपूरहून एक साहेब येताहेत. साहेब फुटबॉलचे वेडे. रेल्वेच्या टीमला धड गोलकीपर नाही. अर्धा खेळ जरी त्यांनी पाहिला तरी तुमच्या गड्याचं शेडमधल्या खलाशाच्या, म्हणजे मदतनीस कामगाराच्या, जागेवर काम झालंच म्हणून समजा. "लेकिन मास्टर, साहब शाम की गाडी से लौट जाएँगे. देर मत करना."

देर मत करना! हे मला सांगायला हवं होतं का? मी चौघांच्या घरी गेलो. हात जोडले. पोराच्या भाकरीचा प्रश्न आहे, एवढ्या वेळेला आवरतं घ्या. ड्रायव्हरकाका म्हणाले, पार्सलबाबूने आवरलं तर मी आवरीन. पार्सलबाबू म्हणाले, मी कधी लांबवतो? लांबवतात ते ड्रायव्हर. प्रचारक म्हणाले, "भैया, आत्मा जितना बुलवाए." माझ्या वडिलांना तर मी घरीच गाठलं, जेवताना. ते म्हणाले, "अरे, मराठी मुळातच थोडक्यात होते." मी ताटावरून उठलो नाही, एवढंच.

मित्राला मात्र मी सगळं सांगितलं होतं. तो दोन रात्री नीट झोपला नसावा. सामन्याच्या दिवशी मिशनच्या पेटीतून आलेला विलायती लोकरी स्वेटर घालून तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. मैदान म्हणजे कापणी झालेल्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधला बांध फोडून एक केलेल्या. धानाची धसकटं पायाला टोचायची. आईही आली होती. लुगडं धुतलेलं, लोकांपासून जरा लांब, गोलच्या खांबाजवळ बसलेली. साहेब वेळेवर आले. खुर्चीत बसले. मित्राने सरावात दोन बॉल असे अडवले की साहेब खुर्चीतच पुढे सरकले. माझ्या जिवात जीव आला.

मग माझे वडील पुढे झाले.

मराठी मुळातच थोडक्यात होते म्हणे. त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. प्रचारकांना आत्मा बोलवत होता आणि आत्म्याला त्या दिवशी दुसरं काम नसावं. ड्रायव्हरकाकांनी मोठ्या आवाजात सगळी लाईन आशीर्वादून घेतली, स्टेशनवार म्हणावं अशी. साहेब टोपी काढून उभे. माणूस सभ्य होता, तीच पंचाईत. पार्सलबाबू शेवटचे. ते डोळे मिटून शांतपणे, एकेक शब्द उचलून ठेवत बोलत होते, आणि तिकडे ऊन शाळेच्या कौलांवरून खाली घसरत होतं. मी दात खाऊन उभा. शेवटी त्यांनी आमेन म्हटलं. मी शिट्टी तोंडात घातली.

"ठैरो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "एक भाषा बाकी है."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी बोट दाखवलं ते मित्राच्या आईकडे. "वो बाई का भी हक है. सबकी हुई, उसकी नहीं हुई." त्यांना हक्काची कळकळ होती असं कुणी समजू नये. इतकी वर्षं ती दाराशी बसत होती, तेव्हा कुणाला तिचा हक्क दिसला नव्हता. शेवटचा मान पार्सलबाबूंना जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. मी त्यांना ओळखून होतो. पण बोलून चुकले होते, आणि साऱ्या मैदानासमोर नाही कोण म्हणणार?

ती उठली. पदर डोक्यावर ओढला. मला वाटलं, लाजेल आणि बसेल, सुटलो. मग तिने सुरुवात केली. हळू, खालच्या आवाजात, आणि मग जरा मोठ्याने. मला एक अक्षर कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. पण ती अडत नव्हती. जी बाई बाजारात मीठ मागताना दोनदा चाचपडायची, ती पाण्यासारखी बोलत होती. मध्ये कधी हसली, कधी थांबून नाक पुसलं आणि पुढे चालू. चारही वडीलधारे डोळे मिटायचे विसरून तिच्याकडे बघत राहिले.

साहेबांचा चपराशी धावत आला आणि त्यांच्या कानात काही बोलला. मी घाईने गोलजवळ गेलो आणि मित्राच्या मागे उभा राहिलो.

"अरे, थांबव तिला," मी दबक्या आवाजात म्हटलं. "गाडीची वेळ झाली. साहेब निघाले."

"दिसते ना मले," तो म्हणाला.

"मग? नुसता हात कर. तुझं ऐकेल ती."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "थे बोलून राहिली ना गा. बोलू दे."

साहेबांनी तिच्याकडे बघून मान लववली, टोपी घातली आणि स्टेशनकडे चालू लागले. मित्राने त्यांना जाताना पाहिलं. मग पुन्हा आईकडे बघायला लागला. ती आमेन म्हणाली तेव्हा बॉल जेमतेम दिसत होता. आम्ही खेळलो, म्हणजे अंधारात एकमेकांच्या नडग्या फोडल्या. मित्राने काय काय अडवलं ते पाहायला खुर्चीत कुणी नव्हतं.

घरी जाताना मी त्याच्यावर तुटून पडलो. गाढव म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. वर्षानुवर्षं मालधक्क्यावर पाठ मोडून घे म्हटलं. तो पुढे चालत होता. शेवटी मी विचारलं, "बोलत तरी काय होती एवढं?"

"आमच्या गावचं सांगत होती. बाबाचं सांगितलं, मावशीचं. दोन लेकरं मेली तिची माझ्याआधी, त्यायचे नाव घेतले. थे नाव मलेच माहीत नव्हते गा."

"आणि नोकरीचं? तुझ्या नोकरीचं मागितलं की नाही?"

तो थांबला आणि चक्क हसला. "नाही. इसरलीच थे."

मी कपाळावर हात मारला. मला हसू आलं नाही. पुढे तो म्हणाला, "अन् आता पुढच्या रविवारचं जुळवून राहिली. बैलगाडी हाकणाऱ्या धुरकरी मामाचं राहून गेलं म्हणते."

पुढच्या रविवारच्या आधी कमिटीची बैठक भरली. आणि काय चमत्कार! चौघांचं एकमत झालेलं. प्रार्थना फार लांबतात, तरुणांचा वेळ जातो, तेव्हा यापुढे एकच प्रार्थना व्हावी, आळीपाळीने, कमिटीतल्या चौघांपैकी एकाने. माझे वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच दोन वर्षं मागे लागला होतास. झालं की नाही तुझ्या मनासारखं?" ड्रायव्हरकाका आणि पार्सलबाबू शेजारी शेजारी बसले होते. त्यांना तसं बसलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एका धुणाऱ्या बाईने आपल्या सगळ्यांवर कडी केली, हे चौघांनाही सोसलेलं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मला भयंकर संताप आला. जे हवं म्हणून मी दोन वर्षं घसा कोरडा केला, ते आता ताटात वाढून समोर ठेवलं होतं आणि मला ते गिळता येत नव्हतं. तिच्या त्या पाळीसाठी माझ्या मित्राने शेडमधली नोकरी डोळ्यांदेखत जाऊ दिली होती. आणि हे चौघं ती पाळी एका हात वर करण्यात काढून घेणार.

"मला मंजूर नाही," मी म्हटलं.

"चार विरुद्ध एक," प्रचारक म्हणाले.

"मग सेक्रेटरी दुसरा बघा. ही घ्या हॉलची किल्ली. कंदिलात घासलेट नाही, ब्लॅडर फाटलंय आणि संध्याकाळच्या वर्गाला बारा पोरं येऊन बसतील. कोण शिकवतो ते ठरवा." मी किल्ली टेबलावर आपटली.

कुणी ती उचलली नाही. पार्सलबाबूंनी चष्मा पुसला. ड्रायव्हरकाकांनी छताकडे पाहिलं. माझे वडील पुटपुटले, की कार्टं आईवर गेलंय. शेवटी प्रचारकांनी किल्ली बोटाने माझ्याकडे ढकलली आणि म्हणाले, "अच्छा भैया, पाँच सही." मग बैठक संपवायला चौघांनी चार प्रार्थना केल्या. मी दारात उभा राहून चारही ऐकल्या, चरफडत.

रविवारी सभेला मित्र उशिरा आला. शेडमध्ये रिकामी जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं त्याला कळलं होतं, आणि त्याने एका धानाच्या गिरणीत पोती वाहायचं काम धरलं होतं. केसांत, भुवयांत कोंडा. चार प्रार्थना होऊन गेल्या होत्या. त्याच्या आईने पदर सावरला आणि उभी राहिली. खूप वेळ बोलली, त्या दिवसापेक्षाही जास्त. धुरकरी मामा बहुधा फार मोठा माणूस असावा. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मित्राचे तेवढे उघडे. तो आईकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे. सोड्याने सोललेल्या तिच्या हातांकडे पाहून मला त्याचा राग आला. तो राग अजूनही येतो. पण तिला थांबव असं मी त्याला पुन्हा कधी म्हटलं नाही.